पाऊस चांगला झाला ना, मग बटाटा का गेला?

पुण्याहून नाशिकला जाताना राजगुरुनगर मागं पडलं की अवसरीच्या घाटाच्या अलीकडं पेठ लागतं, तिथून आत वळलं की आमचं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव, थुगाव ही सगळी गावं त्यातलीच. खरिपाचा बटाटा म्हटलं की पुणे जिल्ह्यात आधी आमचं नाव निघतं, आणि तो सगळा पावसाच्या भरवशावरचा. डिंभ्याचं धरण आमच्याच आंबेगाव तालुक्यात पण ते पाणी खाली, आम्ही वर. कळमोडी धरणाचं पाणी पठारावर आणा म्हणून कितीतरी वर्षं मागणी चालूय. म्हणजे इथली माणसं आयुष्यभर पावसाकडं डोळे लावून बसलेली. त्यामुळं २०२५ च्या खरिपात आमचं नुकसान झालं म्हटलं की बाहेरच्यांना पटतच नाही. माझ्या माहेरी सुद्धा विचारलं, अगं पाऊस चांगला झाला ना मग बटाटा कसा गेला. फोनवर सांगून ते कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात मे मधेच झाली. आमच्याकडं मे म्हणजे वाळवणाचा महिना, कुरडया, पापड, बटाट्याचा कीस, वेफर्स, वर्षभराचा मसाला, सगळं उन्हावर. त्या वर्षी दुपारी ऊन पडायचं आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून यायचं, मग आम्ही जावाजावा धावत गच्चीवर, साड्यांसकट सगळं गोळा करून खाली. कीस एकदा अर्धवट वाळून परत भिजला की त्याला वास येतो आणि काळा पडतो, तो टाकूनच द्यावा लागतो. मिरच्या घरात पंख्याखाली पसरल्या तर सगळं घर खोकायला लागलं. उन्हाळी कांदा काढून बराखीत भरलेला, त्यावर तिरका पाऊस आला. तेव्हा आम्हाला वाटलं हा वळवाचा आहे, होतो दरवर्षी, चार दिवसात जाईल. पण तो गेलाच नाही, तोच पुढं मान्सून झाला. २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबई-पुण्यात मान्सून आल्याचं जाहीर झालं, मुंबईत तो एरवी ११ जूनच्या आसपास येतो. रोहिणी नक्षत्र नुकतं लागलं होतं. आमचे सासरे, आबा म्हणतो आम्ही त्यांना, ते म्हणाले रोहिणीत एवढा पाऊस म्हणजे रान तयार कधी करायचं.

हा प्रश्न शेतीबाहेरच्या माणसाला लगेच कळणार नाही म्हणून जरा थांबून सांगते. बटाट्याला माती भुसभुशीत लागते, कारण तो जमिनीच्या आत पोसतो. त्यासाठी उन्हाळ्यात नांगरट होते, ढेकळं उन्हानं तापतात, मग मृगाच्या आधी कुळवाच्या पाळ्या मारून रान बारीक करायचं, शेणखत मिसळायचं आणि मृगाचा पाऊस झाला, वापसा आला की लागवड. वापसा म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, अशी अवस्था. आबा ती मुठीनं बघतात. वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबायची, गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटून विखुरला तर वापसा, पचकन बसला तर औत घालायचं नाही. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती दाबून विटेसारखी घट्ट होते आणि मग त्या हंगामात ती सुटत नाही. जून महिनाभर आबा रोज सकाळी बांधावर जाऊन तो गोळा टाकायचे आणि गोळा रोज पचकन बसायचा. बरं पाऊस धो धो पण नाही. रिपरिप. दिवसातून कधी अर्धा तास उघडीप मिळायची, वाटायचं आता दोन दिवस असंच राहिलं तर जमेल, की परत भुरभुर सुरू. आमची जमीन तांबडी, मुरमाड, निचऱ्याची, तिला वापसा यायला दीड-दोन कोरडे दिवस पुरतात. तेवढेच मिळेनात.

इकडं बियाणं घरात येऊन पडलेलं. आमच्याकडं बटाट्याचं बी, म्हणजे लावायचे बटाटेच, पंजाबातून येतं, जालंधरकडचं, शीतगृहातनं काढून ट्रकनं मंचरला. पुखराज वाण आमचा नेहमीचा, शिवाय काही रानात कंपनीचा, म्हणजे चिप्सवाले बी देतात आणि ठरलेल्या दरानं माल परत घेतात तो. एकरी साधारण आठ क्विंटल बी लागतं, खर्चात सगळ्यात मोठा आकडा बियाचाच. शीतगृहातनं बाहेर आलं की त्याचं घड्याळ सुरू होतं. सावलीत, हवेशीर, थोडा उजेड येईल असं पातळ पसरलं की डोळ्यांतून आखूड, जाड, जांभळट-हिरवे कोंब येतात, ते लागवडीला एकदम चांगले. पण लागवड लांबली, ओटीवर जागा किती असणार, सगळं पसरता येईना, बाकीचं गोण्यांतच राहिलं. तिथं अंधारात कोंब पांढरेफटक, बोटभर लांब झाले आणि गोणीच्या विणीतून बाहेर आले. गोणी उचलली की कट कट मोडायचे. मोडला की तो डोळा परत फुटतो पण ताकद कमी, बी सुकत जातं, सुरकुत्या पडतात. त्यात हवेत एवढी ओल की प्रत्येक गोणीत दोन-चार बटाटे सडायला लागले, आणि एक सडला की शेजारच्यांना लावतो. मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू रोज संध्याकाळी बल्बच्या उजेडात बसून निवडायचो. सडका बटाटा वरून चांगला दिसतो हो, हातात घेतला की अंगठा आत जातो. तो वास ज्याला माहितीय त्यालाच माहितीय, साबणानं तीनदा हात धुतले तरी जेवताना घासाला येतो.

काही लोकांनी वाट बघून बघून चिखलातच लावलं. त्यांचं बी जमिनीतच कुजलं. आम्ही आर्द्रा निम्मी झाल्यावर एक उघडीप मिळाली त्यात जेवढं उरकलं तेवढं उरकलं, उरलेलं पुनर्वसूत. बी अख्खं लावायचं ही एक गोष्ट मात्र इथं सगळे पाळतात, रब्बीत फोडी करून लावतात तसं खरिपात चालत नाही, कापलेल्या तोंडातून कूज शिरते. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात बुडवून, सावलीत सुकवून मग लावलं. सुकवून म्हणायचं नुसतं, सुकतंय कुठं.

उगवण झाली. कुठं दाट कुठं विरळ, पण झाली, हिरव्या ओळी दिसल्यावर घरात सगळ्यांना जरा बरं वाटलं. मग पुढचं काम भर लावायचं, म्हणजे खुरपून झाडाच्या बुडाला दोन्ही बाजूंनी माती चढवायची. हे वेळेत नाही झालं तर बटाटे मातीबाहेर डोकावतात, उजेड लागून हिरवे पडतात, कडवट होतात आणि खायच्या लायकीचे राहत नाहीत. पण भर लावायला पण वापसाच लागतो. ओल्या मातीत खुरपं मारलं की माती लगदा होऊन खुरप्यालाच चिकटते, आणि तण उपटून बांधावर न टाकता तिथंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी परत मूळ धरून उभं. बायका रोजानं येऊन दोन तासात पाऊस आला म्हणून परत जायच्या, अर्धा रोज द्यायचा का पूर्ण यावरून कुणाची वाकडी तोंडं नको म्हणून आम्ही पूर्णच दिला, त्यांचं तरी काय, त्यांच्या घरी पण चूल पेटायचीच होती.

आणि मग करपा, पाला जाळणारा बुरशीचा रोग. पुष्य नक्षत्रात सलग ढगाळ, दिवसभर धुकं उतरलेलं, गार. हाच त्याचा हंगाम. सकाळी मी चहा घेऊन रानात गेले तर यांनी एक पान उलटं करून दाखवलं. वरून पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग, आणि खालून त्या डागाच्या कडेनं पांढरी बारीक लव, पीठ भुरभुरल्यासारखी. ती लव म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्यानं आणि पावसाच्या थेंबानं एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पान काही तास सलग ओलं राहिलं की आत शिरते, आणि चार-पाच दिवसात परत नवीन बीजाणू तयार. म्हणजे पान सुकणं हेच खरं औषध आणि तेच मिळत नाही. फायटोप्थोरा म्हणतात तिला, आयर्लंडमधे १८४५ पासून जो मोठा दुष्काळ पडला तो याच रोगानं, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली. तेव्हा त्यांच्याकडं औषध नव्हतं, आमच्याकडं आहे, पण औषध पानावर टिकायला हवं ना.

मॅन्कोझेब नुसतं वरून बसतं, पाऊस आला की धुऊन जातं. सायमोक्झॅनिल, मेटॅलॅक्झिल वगैरे मिसळलेली आंतरप्रवाही औषधं पानात शिरतात, पण त्यांना पण फवारल्यावर काही तास कोरडे लागतात, आणि सारखं एकच मारलं तर बुरशी त्याला सरावते म्हणून आलटून पालटून मारावं लागतं. आमचे हे बॅटरीचा पंप चार्ज करून, औषध मोजून, ते पानाला चिकटावं म्हणून स्टिकर घालून ओटीवर तयारच बसलेले असायचे. आभाळ जरा उघडलं की पळायचे. कित्येकदा अर्धं रान होईस्तोवर सर आली, म्हणजे औषध पण गेलं आणि मजुरी पण. शेजारच्या रानात कोणी फवारलंच नाही तर तिथनं परत येतं, हा अजून एक प्रकार, आणि त्यांना बोलणार तरी काय, त्यांचे पैसे संपलेले. जिथं लागवड उशिरा झाली होती त्या तुकड्यात आठवड्याभरात पाला काळा पडून लोळला. बटाटे तेव्हा गोटीएवढे. पाला गेला की पोसणं संपलं.

या सगळ्यात घर पण चालवायचंच असतं. कपडे वाळत नाहीत ही गोष्ट शहरात पण आहे पण इथं एका माणसाचे दिवसात दोन-तीन वेळा चिखलानं भरतात. ओटीवर दोऱ्या, स्वयंपाकघरात दोऱ्या, चुलीवर दोऱ्या, सगळ्या कपड्यांना धुराचा वास. मुलाचा शाळेचा गणवेश रोज इस्त्रीनं वाळवायचा, तोही लाईट असली तर. लाईट गेली की पिठाची गिरणी बंद, मोबाईल बंद, म्हणजे हवामानाचा अंदाज बघायचा तो पण नाही. जळण ओलं, गोवऱ्या ओल्या, गॅस सिलिंडर एरवी दोन महिने जायचा तो महिन्यात संपला. भाकरीचं पीठ डब्यात गाठी धरायला लागलं. भिंतींना बुरशी आली आणि सासूबाईंचा दमा वाढला. माझ्या आणि खुरपायला येणाऱ्या सगळ्या बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, बोटांमधली कातडी पांढरी होऊन फाटते आणि चालताना आग होते, रात्री खोबरेल तेलात हळद घालून लावायची आणि सकाळी परत त्याच चिखलात. बूट घालून खुरपता येत नाही. पोत्याची नाहीतर प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर वाकून बसायचं, पाठ कोरडी राहते पण गुडघ्याखाली सगळं ओलं.

जनावरांचे तर फारच हाल. गोठ्यात चिखल, गाई बसायला तयार नाहीत, बसल्या तर सड मातीत, एकीला कासदाह झाला, तिचं दूध किती दिवस टाकून द्यावं लागलं. कडबा वरून काळा पडला. डेअरीला दूध घालायला पाणंद रस्त्यानं गाडी जाईना, कॅन खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत चालत. आमच्या रानातला बटाटा बाहेर काढायचा रस्ता पण तोच, हे आठवलं की पोटात गोळा यायचा.

काढणी गणपती झाल्यावर सुरू केली. आधी पाला कापतात आणि आठ-दहा दिवस बटाटा जमिनीत तसाच ठेवतात, त्यात साल पक्की होते. पण जमीन ओली असली की साल पक्की होतच नाही, नांगरानं वर काढला की बोट लागलं तिथं साल निघते. आणखी एक गोष्ट मी पहिल्यांदाच एवढी बघितली, बटाट्याच्या अंगभर पांढरे बारीक फुगलेले ठिपके, साबुदाणा चिकटावा तसे. कृषी सहायकांनी सांगितलं की बटाटा सालीच्या छिद्रांतून श्वास घेतो, मातीत पाणी साचून हवा संपली की ती छिद्रं अशी फुगून उघडी पडतात आणि तिथनंच कूज आत जाते. बटाटा गुदमरतो म्हणजे काय ते तेव्हा डोळ्यानं दिसलं. काही कापून बघितले तर आत तपकिरी कडं, त्याला आमच्याकडं बांगडी म्हणतात, दाबलं की त्या कड्यातून पांढरट चिकट पाणी येतं. पिशवीत असा एक जरी गेला तरी पुण्याच्या मार्केटला पोचेपर्यंत पिशवी ओली.

एरवी भाव नसला तर बटाटा अरणीत ठेवतात. सावलीला ढीग घालून वरून गवत-पाचट टाकून झाकायचा, आणि बाजार सुधारला की काढायचा. त्या वर्षी अरण लावायची हिंमत कुणी केली नाही, कारण ओला बटाटा अरणीत घातला की आठवड्यात खालून पाणी वाहायला लागतं. म्हणजे काढला की विकायचाच, मिळेल त्या भावाला. सगळ्यांचाच माल एकदम, त्यात साल निघालेला, आणि आग्र्याचा शीतगृहातला कोरडा, स्वच्छ बटाटा शेजारी मांडलेला. मंचरला भाव दहा किलोवर निघतो. आमच्या ढिगासमोर व्यापारी थांबायचा, एक हातात घेऊन अंगठ्यानं साल घासून बघायचा आणि पुढं जायचा. चिप्सच्या कंपनीला तर कोरडा माल लागतो, म्हणजे बटाट्यात पाणी कमी आणि पीठ जास्त, ओल्या जमिनीत ते उलटं होतं. गाडीच्या गाडी निवडून अर्धा माल परत आला. त्यांचा नियम त्यांच्या जागी असेल, पण परत आलेला माल उतरवायची हमाली पण आम्हीच दिली याचं फार वाईट वाटलं.

आता नुकसानभरपाईचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. खरिपाच्या पीक विम्याच्या यादीत आपल्या राज्यात कांदा आहे, बटाटा नाही. राहिली पंचनाम्याची मदत. तिथं अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडं नुकसान झालं ते रोज आठ, रोज बारा, रोज पाच अशा पावसानं. एका दिवसात ६५ झाला असता आणि पुढं चार दिवस ऊन पडलं असतं तर आमच्या मुरमाड रानातला बटाटा वाचला असता, हे पठारावरचा कुठलाही माणूस सांगेल. २०२३ मधे राज्य सरकारनं सततचा पाऊस पण आपत्ती धरायचा निर्णय घेतला, सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर, शिवाय आणखी अटी. निर्णय चांगलाच आहे, पण पाचातल्या एका दिवशी आठच मिलिमीटर पडला तर साखळी तुटते, आणि करप्याला आठ मिलिमीटर पण लागत नाही, नुसतं धुकं पुरतं. शिवाय पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावाला, आमच्यापासून लांब. आणि लागवडच महिनाभर लांबली, बी घरात सडलं, फवारण्या धुऊन गेल्या, याचा पंचनामा कोण आणि कशाचा करणार. तलाठी आले होते, माणूस भला होता, उभं पीक बघून लिहितो म्हणाले, पण जे पीक उभंच राहिलं नाही त्याला रकाना नाही.

माझं म्हणणं एवढंच की पाऊस नुसता मिलिमीटरमधे मोजू नका, कोरडे दिवस किती मिळाले ते पण मोजा. बटाट्याला हंगामात लागवडीला, भरीला, फवारणीला, काढणीला असे मोजके कोरडे दिवस लागतात. ते नाही मिळाले की नुकसान झालंच, एकूण पाऊस सरासरीएवढा का असेना. कोरड्या दिवसांचा हिशोब तालुक्याला ठेवणं काही अवघड काम नाही.

आम्ही घरात बसून पुढचं ठरवलंय ते असं. सगळं रान बटाट्याखाली घालायचं नाही, निम्म्यात सोयाबीन आणि वाटाणा. बी एकदम न उचलता दोन टप्प्यात आणायचं आणि पसरायला गोठ्याच्या माळ्यावर बांबूच्या फळ्या टाकायच्या, म्हणजे गोणीत ठेवायची वेळ येणार नाही. उताराच्या बाजूनं चर काढायचा आणि सऱ्या उतारानुसार थोड्या तिरक्या, उंच. आमचे हे म्हणतात एक तुकडा गादीवाफ्यावर, म्हणजे माती उचलून केलेल्या उंच, रुंद वाफ्यावर करून बघू, आबांना ते फारसं पटलेलं नाही, ते म्हणतात एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला तर वाफा लगेच सुकेल, आणि त्यांचं पण बरोबर आहे, आमच्याकडं अजून कमी पावसाचीच वर्षं जास्त. म्हणून एकाच तुकड्यावर. हलक्या जमिनीत, पावसावरचा खरीप बटाटा गादीवाफ्यावर कोणी केला असेल, खटाव-कोरेगावकडं नाहीतर कुठंही, तर वाफ्याची उंची किती ठेवली आणि भर कशी लावली तेवढं सांगा, मेच्या आत ठरवायचंय.